गाडी ठरली, जवळजवळ

प्रिय मावशीस,

वाकून नमस्कार. (मनातल्या मनात वाकले आहे, माझ्या कमरेचं तुला माहीतच आहे.)

फार वर्षांपूर्वी तू मला म्हणाली होतीस, "जुनी गाडी घेताना इंजिनाचं नंतर ऐक, आधी मालकाच्या बायकोचं ऐक." शाळेच्या बस उभ्या करायच्या त्या आवारात तू दुरुस्तीसाठी बसखाली आडवी होतीस, त्यामुळे हे वाक्य मला तुझ्या चपलांनी सांगितल्यासारखं आठवतं. कारणही तू लगेच दिलं होतंस. जो चालवतो त्याला गाडीचा अभिमान असतो, आणि जो शेजारी नुसता बसतो त्याला गाडीचं सगळं माहीत असतं. (काका तेव्हा शेजारी नुसते बसले होते.)

मोतीबिंदू निघाल्यापासून समोरच्या गॅलरीतले कपडे कुणी कसे वाकडे वाळत घालतं हेसुद्धा तुला दिसतं, असं काका फोनवर म्हणाले. म्हणजे तब्येत उत्तम असणार. आमच्याकडे सगळे बरे आहेत, फक्त गाडी गेली. गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि डॉक्टर बाहेर येऊन चष्मा काढतात तसा चष्मा काढला. त्याच आठवड्यात तुझ्या नातीचा दुसऱ्या गावातल्या कॉलेजात नंबर लागला. ही मुलगी गेली दोन वर्षं आमच्याशी फक्त चार्जर कुठे आहे या विषयावर बोलते. ती जेवताना ताटाकडे बघत म्हणाली, "जाण्याआधी आपण तिघं कुठेतरी जाऊ या ना. हॉटेलात नको." तुझे जावई उठले आणि मोरीत नळ सोडून बराच वेळ उभे राहिले. परत आले ते कॅम्परव्हॅन घ्यायची असं ठरवूनच. आत झोपायचं, आत चहा करायचा, आणि एरवी तीच गाडी मी रोज क्लिनिकला न्यायची. एका दगडात दोन पक्षी, म्हणाले. मी म्हटलं, दगड पक्ष्यांपेक्षा मोठा आहे, तो ठेवणार कुठे? इमारतीत आम्हाला जागा एकच, आणि क्लिनिकच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये शिरताना वर लोखंडी आडवी दांडी आहे. (मी अजून तिथेच आहे, लोकांचे कान तपासते. "आवाज आला की बटण दाबा" हे वाक्य मी झोपेतही म्हणते, असं जावई सांगतात.) म्हणून मी त्या दांडीची उंची लांब दांड्याच्या झाडूवर खूण करून घेतली आणि तो झाडू घेऊन आम्ही गाड्या बघायला निघालो.

पहिली गाडी एका फोटोग्राफरची. त्यानं दार उघडलं, झाडू पाहिला आणि म्हणाला, "मागच्या दारानं या, जिना आधी घ्या." तो गैरसमज दूर होईपर्यंत जावयांनी दोन पायऱ्या झाडूनही टाकल्या होत्या. (ते नाही म्हणू शकत नाहीत, तुला ठाऊक आहे. लग्नही तसंच झालं.) गाडी देखणी होती. मालक अर्धा तास बोलला. मग मी तुझा नियम आठवून त्याच्या बायकोला विचारलं, आत झोप चांगली लागते का हो? ती म्हणाली, "लागते की. मी छत्री घेऊन झोपते."

दुसरी गाडी एका अविवाहित संगणकवाल्याची. इथे तुझा नियमच अडला. "आता याचं लग्न होईपर्यंत थांबायचं का?" जावयांनी विचारलं. तेवढ्यात त्याची आई बाहेर आली, आणि आईचं मत बायकोच्या मतात धरायचं का, यावर आम्ही फाटकापाशी कुजबुजत चर्चा केली. आईनं गाडीची इतकी स्तुती केली की मुलगाच ओशाळला. "सोन्यासारखी आहे हो. आजच घेऊन जा. मी स्वतः ढकलते तुमच्याबरोबर." जावयांनी सौम्यपणे विचारलं, ढकलायची का? तर म्हणाली, "मग चालू कशी होणार?"

तिसरी गाडी एका निवृत्त सुताराची. आत सगळं काम त्यांनी स्वतः केलेलं. पलंगाखाली खण, खणात खण, कपबशीसाठी लाकडात कोरलेला खड्डा. पाठीच्या दुखण्यानं त्यांना आता चालवता येत नाही, म्हणून विकायची. झाडू छताला लावला तर दोन बोटं जागा उरली. मी बायको कुठे आहे असं विचारणार, तर बायको गाडीतच बसलेली होती, आणि उतरायला तयार नव्हती. "चालवून बघा," त्या म्हणाल्या, "मी आहे इथे."

मावशी, असं बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं. आम्ही गल्ली ओलांडली नाही तोच मागून सुरू झालं. सरकतं दार आधी वर उचलायचं, मग ओढायचं, नाहीतर बोट जातं. तिसरा गिअर थंडीत रुसतो. फ्रीज गुणगुणतो. उजवीकडे वळताना वरचा कप्पा उघडतो (तो उघडला, आणि एक पातेलं जावयांच्या मांडीवर आलं). सुतारकाका म्हणत होते, "अगं, गिऱ्हाईक आहेत ते!" आणि काकू म्हणत होत्या, "म्हणूनच सांगतेय!" त्यांना वाटत होतं आम्ही घाबरून परत जाऊ. मला मात्र प्रत्येक दोषागणिक गाडी जास्त आवडत गेली, कारण आता तिच्यात मला माहीत नाही असं काही उरलंच नव्हतं. आम्ही क्लिनिकपर्यंत गेलो. दांडीखालून मी श्वास रोखून आत शिरले. (वॉचमननं विचारलं, "बाई, पेशंट झोपवून आणलाय का?") तळघरात इंजिन बंद केलं, आणि त्या शांततेत काकू म्हणाल्या, "मला चालवता आली असती, तर मी विकू दिली नसती."

सुतारकाका खिडकीची रबरपट्टी बोटानं दाबत बसले.

तेव्हापासून मला सारखी तू आठवतेस. मी शिकले तेव्हा मला गाडी नव्हती, येण्याची चिन्हं नव्हती, आणि घरात सगळे म्हणत होते, गाडी आली की शिकेल. तू म्हणालीस, गाडी आल्यावर शिकायला वेळ कुणाला असतो. दर रविवारी त्या रिकाम्या आवारात तू बादल्या उलट्या मांडून ठेवायचीस. मी बादली चिरडली की तू ओरडायची नाहीस, 'अगं अगं' करायची नाहीस. खाली उतरून दुसरी मांडायचीस. त्या बादल्यांवर मी किती ठिकाणी जाऊन आले! आईला दवाखान्यात नेलं, लेकीला तापात नेलं, भांडून घराबाहेर पडले आणि वळसा घालून परतही आले. "मला सोडता का?" असं आजवर कुणाला विचारावं लागलं नाही. एवढं मोठं देणं तू दिलंस आणि वर घरी जाताना मलाच म्हणायचीस, "चल, तुझ्यामुळे माझा रविवार बरा गेला."

तर गाडी ठरली. काकांना नमस्कार. डोळ्यांत थेंब वेळेवर घाल.

तुझी,
भाची

ता. क. 'ठरली' हा शब्द मी जरा सैलपणे वापरला आहे. किल्ली अजून काकूंच्या कमरेला आहे. त्यांची अट अशी की गाडी आम्ही न्यावी, सुट्टीला जावं, क्लिनिकला न्यावी, पण वर्षातून एकदा आठ दिवस ती त्यांची, आणि चालवणार त्या स्वतः. शिकायला सुरुवात झाल्याशिवाय किल्ली मिळणार नाही. जावई हसले. मी हो म्हणून बसले.

ता. क. दुसरं. ड्रायव्हिंग स्कूलवाल्यानं "आजी, या वयात कशाला?" असं विचारल्यावर काकू चौकातच उतरल्या आणि चालत घरी आल्या. मग मीच शेजारी बसले. पहिल्या वळणाला मी "अहो काकू, अहो काकू!" असं किंचाळले, आणि त्यांनी स्टिअरिंग सोडून माझा हात धरला. सुट्टी तोंडावर आली आहे. लेक बॅग भरते, पुन्हा रिकामी करते. माझ्या आईनं शाळेचं फाटक पाडल्यावर आता कुणालाही शिकवणार नाही अशी शपथ तू घेतलीस, आणि तुम्ही सख्ख्या बहिणी महिनाभर बोलत नव्हतात, हे मला माहीत आहे. काकूंना शिकवशील का असं विचारलं तर तू नाहीच म्हणणार. पण तुझं ते 'नाही' मला काकूंना सांगवणार नाही. तेव्हा एवढंच कर, रविवारी इकडे ये आणि त्यांना स्वतः सांग. त्या सकाळीच गाडी धुऊन, चालकाच्या सीटवर दोन उशा ठेवून, त्यांच्यावर बसलेल्या असतील.