का-यानच्या आईला न वाचता आलेला प्रबंध

प्रिय का-यान,

तुला मराठी येत नव्हती, तरी मराठीतच लिहितेय. काल तुला पीएचडी मिळाली, ती घ्यायला तू नव्हतीस. आज तुझ्याशी इंग्रजीत बोलायला माझी जीभच उचलत नाही.

हाँगकाँगहून तुझी आई आली होती. तुझा फोटो छातीशी धरून तिने पदवी घेतली. सगळं सभागृह उभं राहिलं. तिला मात्र भाषणातलं एक अक्षर कळलं नाही.

किती बोलायचीस तू आजोबांबद्दल! ब्रिटिशांच्या हाँगकाँगात ते डॉक्टर झाले, सगळं शिक्षण इंग्रजीत. स्वतःची आई आजारी पडली, तेव्हा तिला काय झालंय ते सांगायला त्यांच्याकडे कँटोनीज शब्दच नव्हते. इंग्रजीत शिकून आपल्याच भाषेतले शब्द हरवलेल्या अशाच चिनी विद्यार्थ्यांवर तू प्रबंध लिहिलास. आणि तोही इंग्रजीत! दुसरा मार्ग तरी होता का गं?

एक राग अजून आहे. पोटात कळा यायच्या, पण विचारलं की इथल्या आयरिश लोकांसारखं 'ग्रँड!', म्हणजे 'मस्त!', म्हणून मोकळी व्हायचीस. आधी प्रबंध, मग डॉक्टर. कोणी सांगितलं होतं एवढं सोसायला?

शेवटी हॉस्पिटलात तुझं इंग्रजी गेलंच. डोळे मिटून कँटोनीजमध्ये काहीतरी मागत राहायचीस. नर्स माझ्याकडे बघायची, मी तिच्याकडे. काय हवं होतं तुला?

काल समारंभानंतर इथे नास गावातल्या आपल्या घराच्या स्वयंपाकघरात तुझी आई प्रबंधाची पानं उलटत बसली. तुझी वर्गमैत्रीण विनी दुभाषी म्हणून आली होती. एका पानावर आजोबांचं नाव चिनी लिपीत होतं. तेवढंच तुझ्या आईने वाचलं, मोठ्याने.

मग म्हणाली, "सासरे इंग्रजी शिकून मोठे झाले, म्हणून हिलाही मी इंग्रजी शाळेत घातलं. आता माझी पोर काय लिहून गेली, ते मला दुसऱ्यांना विचारावं लागतंय."

मी विनीला म्हटलं, "तू सांग ना त्यांना वाचून."

विनीने पहिलं पान काढलं. दोन ओळींतच अडली. "मुग्धा, यातले निम्मे शब्द मलाही फक्त इंग्रजीतच येतात गं."



तुझी आई परवा परत जातेय. पण का-यान, दर रविवारी आम्ही तिला फोन लावू. मी सोपं करून सांगेन, विनी तिच्या भाषेत सांगेल. कितीही वर्षं लागोत, एकही पान सोडणार नाही. आणि जे शब्द आम्हा शिकलेल्यांकडे नाहीत, ते तुझ्या आईलाच विचारू.

तुझ्या शेजारच्या खोलीतली,
मुग्धा