हितेशचा दुसरा डोस

लोणखेडा, मंगळवार, जून २०२१

धडगावहून आल्यापासून डोकं भणभणतंय. बहिणीचा हितेश अमेरिकेचा नागरिक, सुट्टीला आला आणि इथे अडकला. कोरोना लशीचे दोन्ही डोस झाल्याशिवाय कंपनी परत घेत नाही. शहाद्यात दुसरा मिळेना, म्हणून त्याला घाटावर, धडगावच्या एका केंद्रावर नेलं. कशाला नेलं?

एका बाटलीत दहा डोस असतात, उघडली की त्याच दिवशी संपवायची. नर्सबाईने पाड्यांवर फिरून, समजूत काढून नऊ बायका आणल्या होत्या. त्यांतली एक म्हातारी म्हणाली, "आधी ह्या साहेबाला टोचा. आम्ही बघतो."

साहेब बसले. वाटभर मला 'अडाणी लोकां'वर व्याख्यान देणारे हेच. सुई टेकली मात्र, सगळी अमेरिका गळून पडली. "ओ माय वं, मरी गवू!" म्हणत बाकावर आडवे. चाळिशीचा पुरुष!

म्हातारी उठली. "इतकं दूधतूप खाल्लेला आडवा झाला, मग आपलं काय?" नऊच्या नऊ निघून गेल्या. नर्सबाई उघडी बाटली धरून उभी. नऊ डोस वाया. मी हाका मारल्या, पण कोण थांबतं!

आता हा ओसरीत फोनवर बायकोला सांगतोय, "झाला गं डोस. पण इथले लोक फार घाबरट."

घाबरट म्हणे! उद्या त्याला पुन्हा वर नेणार. प्रत्येक पाड्यावर उभा राहून सांगू दे, की मी जिवंत आहे. "मावशी, मला बॅगा भरायच्यात," म्हणाला. भरेल रात्री. गाडीची किल्ली माझ्या उशाखाली आहे.