धडधाकट ठरलेल्या वामनची सोय

मी, चारुशीला त्र्यंबक देवपुजारी, वय बासष्ट, सेवानिवृत्त शिक्षिका, राहणार अमरावती, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. गाठ पोटात आहे, डोक्यात नाही. तेव्हा शुद्धीबद्दल कोणी शंका काढू नये. जबरदस्ती करायला पुतण्या कमलाकांत आला होता. तो चहा पिऊन परत गेला.

कलम १. माझे राहते घर बाळापूरचे सतरंजी विणणारे गयासुद्दीन आणि त्यांची मुलगी नईमा यांना द्यावे. अट एकच. माझा मुलगा वामन मरेपर्यंत याच घरात राहील. कमलाकांत म्हणतो, "काकू, त्याले वेड्याच्या इस्पितळात टाकून देऊ." म्हणून कमलाकांतला या घराची पायरीसुद्धा मिळू नये.

परक्याला घर का, असे नातलग विचारतील. त्यांच्यासाठी लिहिते. येथील अपंग साहाय्यक मंडळ मुलांना धान्य देई आणि विणकामाचा वर्ग चालवी. गयासुद्दीन तेथे शिकवीत. एकसष्ट साली मंडळाने हात आखडला. जो आपल्या पायाने चालत येईल तो धडधाकट, त्याचे नाव कमी, असे ठरले. चिटणीस बापूसाहेब तपासणीला आले आणि त्यांनी वामनला विचारले, "तुले काय येते रे?"

वामन म्हणाला, "तुले काय येते रे?"

तो ऐकलेले वाक्य तसेच परत म्हणतो. भूक लागली की "तुले भूक लागली" म्हणतो, कारण मी त्याला तसे विचारते. हे मी परोपरीने सांगितले. सभासद हसले होते, ते बापूसाहेबांना झोंबले. त्यांनी शेरा मारला: वाचा शाबूत, बुद्धी शाबूत, वर्तन उर्मट.

मग दर बाजारच्या दिवशी नाव कमी झालेल्या मुलांचे आम्ही आईबाप, त्यात गयासुद्दीनही, मुलांना घेऊन मंडळाच्या दारात बसू लागलो. बामणाची बाई भिकाऱ्यांत बसली, असे लोक म्हणाले. बसले. अर्ज केले, सभा घेतल्या, अकोल्यापर्यंत जाऊन साहेबांचे उंबरे झिजवले. शेवटी मंडळ थोडे नमले. लंगडी, आंधळी, मुकी मुले परत घेतली. वामनसारखी तेवढी बाहेर. नईमा पायाने अधू, तिला घेतले. आता गयासुद्दीन दारातून उठतील अशी सर्वांची अटकळ होती.

ते म्हणाले, "बाई, मी उठलो त तुमी एकल्या पडसान. मी काहून उठू?" मंडळाने त्यांचे काम काढून घेतले.

आम्ही हरलो. आमच्यातली पार्बताबाई सरकी-कापसाच्या कारखान्यात कामाला जाताना आपल्या मुलाला, डोमाला, खाटेला बांधून जाई, कारण वर्ग बंद झालेला. उन्हाळ्यात झोपडीला आग लागली. डोमाही धडधाकटच होता. त्या लोकांना मी क्षमा केलेली नाही आणि करणार नाही.

कलम २. पुढच्या खोलीत माग बसवावेत. नाव कमी झालेल्या मुलांनी दिवसभर तेथे बसावे, विणोत वा न विणोत. माझी शिल्लक आणि पाटल्या त्याला लावाव्यात.

कलम ३. बापूसाहेबांना माझ्या शोकसभेत बोलू देऊ नये. ते फार छान बोलतात.

कलम ४. माझ्या मरणाची बातमी वामनला कोणीही "तुझी आई मेली" अशी सांगू नये. तो तेच वाक्य भेटेल त्याला ऐकवील आणि लोक त्याला मारतील. नईमाने त्याला जवळ बसवून "माझी आई मेली" एवढेच म्हणावे. तिची आई गेलेली आहे, तिला खोटे बोलावे लागणार नाही. मग तो बाहेर जाऊन म्हणेल ते खरे असेल.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला व दोघांसमोर वाचून सही केली.

चारुशीला त्र्यंबक देवपुजारी

साक्षीदार:
मोरोपंत विनायक भागवतकर, वकील
सुंदराबाई नत्थुजी ठाकरे, शेजारीण (डाव्या अंगठ्याची निशाणी)

अमरावती, दिनांक ९ नोव्हेंबर १९६४