शेपटीपर्यंतची पट्टी

प्रिय दादा,

कुरिअरने आलेलं पाकीट बघून घाबरू नकोस, बाबा धडधाकट आहेत. म्हणजे चालतात, बोलतात, माझ्या भाजीला नावं ठेवतात, सगळं नेहमीसारखं. पण हे फोनवर सांगण्यासारखं नाही. आज ते घरी आहेत आणि घरी असले की माझ्या मागेमागे फिरतात. छापखान्यातून बोलायचं तर यंत्रांच्या खडखडाटात ओरडावं लागेल. म्हणून प्रूफं बाजूला सारून लिहायला बसलेय. तुला मध्येच बोलता येणार नाही, हा आणखी एक फायदा. मुद्दा आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे मी माशांबद्दल बोलायला लागले की तुला वाटेल हिचं डोकं फिरलंय. बाबांना यापुढे शाळेची व्हॅन चालवू देता येणार नाही, आणि हे त्यांना कुणीतरी सांगायला हवंय.

मागच्या महिन्यात आपल्या माशांच्या टाकीत ते काळं, केसाळ शेवाळ पुन्हा वाढलं. पानांच्या कडांना, पंपाच्या नळीला, सगळीकडे नुसते झुपके. बाबांचं म्हणणं तुला पाठच असेल. हे शेवाळ खाणारा खरा मासा एकच, आणि त्याच्या नावावर दुकानात खपतात ते त्याचे तोतये. रविवारी आपल्याला काचेपुढे उभं करून परीक्षा घ्यायचे, आठवतं? काळी पट्टी नाकापासून निघून शेपटीच्या पार टोकापर्यंत गेली पाहिजे, अलीकडेच थांबली तर तोतया. पट्टीच्या वर झळझळीत सोनेरी रेघ दिसली तरी तोतया. पर स्वच्छ पारदर्शक हवेत. आणि ओठांनी काचेला चिकटून बसतो तो तर महाबिलंदर, लहानपणी साळसूद, मोठा झाला की चपट्या माशांच्या अंगाला चिकटून त्यांना ओरबाडणारा. त्याचं नाव आपण चिकट्या ठेवलं होतं. तू हमखास सोनेरी रेघ विसरायचास आणि मी लगेच तुझी चुगली करायचे. आजूबाजूचे लोक नवे मासे घ्यायला जाताना बाबांना सोबत न्यायचे, आणि बाबा इस्त्रीचा शर्ट घालून असे निघायचे, जसं काही बक्षीसच घ्यायला चाललेत.

तर यावेळी बाबा एकटेच जाऊन तीन मासे घेऊन आले. पिशवी अजून पाण्यावर तरंगत होती तेव्हाच मला दिसलं. एकाच्या पट्टीवर सोनेरी रेघ, लांबून चमकावी अशी. दुसऱ्याची पट्टी शेपटीच्या अलीकडेच संपलेली. तिसरा पिशवीच्या प्लास्टिकला ओठांनी चिकटलेला. तिन्हीच्या तिन्ही तोतये! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हाताऱ्या माणसाला फसवतो म्हणजे काय? दुकानदाराला फाडून खायच्या तयारीने मी गेले. त्याने मला बसायला स्टूल दिलं, तिथेच माझं अर्धं अवसान गळालं. म्हणाला, ताई, त्यांना मी कशाला फसवीन, त्यांच्या शब्दावर माझ्याकडे गिऱ्हाईक येतं. काचेला नाक लावून, मान वाकडी करून बराच वेळ बघत होते. मग बोट दाखवून एकेक त्यांनीच निवडला. मी हळूच म्हटलं, काका, हा नव्हे. तर चिडले, मला शिकवतोस का म्हणाले. हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता. मीही उठले आणि घरी आले.

बाबांना सहज विचारावं तसं विचारलं, सोनेरी रेघेचा कशाला आणलात हो? म्हणाले, माहीत आहे मला, टाकीत काहीतरी वेगळं असावं म्हणून आणला. दादा, बाबा खोटं बोलले. आपले बाबा! त्यानंतर मला एकेक गोष्ट दिसायला लागली. दुसऱ्यांच्या चुका डोळ्यांत तेल घालून शोधायच्या, हा तर माझा पोटापाण्याचा धंदा, आणि घरातलं मला दिसलं नव्हतं. मोबाईलवरचे निरोप ते माझ्याकडून वाचून घेतात, चष्मा सापडत नाही म्हणून. चहा कपाबाहेर ओततात. माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघतात. मी आपली समजत होते, स्वारी माझ्यावर रुसलीय. परवा संध्याकाळी टाकीपुढे खुर्ची टाकून बसले होते. आपली म्हातारी एंजल मासोळी, आई जिला राणी म्हणायची, ती कोपऱ्यात थरथरत होती आणि चिकट्या तिच्या कुशीला चिकटला होता. तिथले खवले निघून लालभडक झालं होतं. आणि बाबा कौतुकाने मला म्हणाले, बघ, राणी आज किती शांत आहे.

मी जाळीने चिकट्याला काढून बादलीत टाकला. बाबांनी विचारलं, काय काढलंस? मी म्हटलं, सडकं पान. त्यांनी मान डोलावली.  मग धीर करून म्हटलं, बाबा, एकदा डोळे दाखवून येऊ. झालं! म्हणाले, माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही, तुझ्या डोक्याला झालंय. आणि उठून भिंतीवरची व्हॅनची किल्ली काढून खिशात घातली. जेवतानाही एक हात खिशावर होता. शेवटी ताटाकडे बघत म्हणाले, ही व्हॅन गेली तर मी सकाळी उठायचं कशासाठी? याचं उत्तर तुला सुचत असेल तर सांग.

काल सकाळी, मला छापखान्यापाशी सोडा म्हणून मी मुलांबरोबर व्हॅनमध्ये बसले. मुलांना सांभाळणाऱ्या मावशी पूर्वी मागच्या दाराशी बसायच्या. आता त्या पुढे, बाबांच्या शेजारी बसतात, आणि सारख्या बोलत असतात. मला आधी वाटलं, बाईंच्या तोंडाला विश्रांती म्हणून नाही. मग शब्द कानावर पडले. लाल लागला हं. पुढे स्कूटर आहे. डावीकडून एक आजोबा येतायत, जरा दमानं. मागे मुलांचा कल्ला चाललेला, आणि ही बाई सगळा रस्ता बाबांना वाचून दाखवत होती. बाबा त्याबरहुकूम गाडी हाकत होते. चौकाच्या अलीकडे एका चिमुरडीचा बूट निघाला, तिने मावशींना हाक मारली, मावशी मागे वळल्या. समोरून एक बाई बाळाची ढकलगाडी घेऊन रस्ता ओलांडत होती. अगदी समोर, रस्त्याच्या मधोमध! बाबांचा पाय हललाच नाही. मी किंचाळले. व्हॅन थांबली ती ढकलगाडीपासून हातभर अंतरावर. ती बाई काचेतून बाबांकडे बघत उभी होती. बाबा म्हणाले, बोंबलायला काय झालं, दिसलं होतं मला. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

मी उतरले तेव्हा मावशीही मागोमाग उतरल्या आणि त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, कुणाला बोलले नाही बाई, त्यांचं काम जाईल म्हणून. पण सोमवारपासून मी लेकीच्या बाळंतपणाला चाललेय, माझ्या जागी दुसरी येईल, तिला मी काय सांगू? मला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्यांच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. त्या परत बाबांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि व्हॅन निघाली. मग रिक्षा करून शाळेपर्यंत तिच्या मागे गेले. शेवटचं पोरगं उतरलेलं पाहिलं तेव्हा कुठे रिक्षा सोडली.

तिथूनच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. सगळं ऐकून म्हणाल्या, मधलं पुसट आणि कडेचं ठीक दिसतंय असं वाटतं, पण तपासल्याशिवाय काही सांगणार नाही. लवकर घेऊन या, आहे ती नजर टिकवायचा प्रयत्न करता येईल. इंजेक्शनं लागतील, पुन्हा पुन्हा यावं लागेल. आणि तोवर त्यांना स्टिअरिंगला हात लावू देऊ नका. मग मी शाळेत परत गेले. व्हॅनचं काम बघणाऱ्या बाईंना सांगितलं, फक्त मावशींचं नाव घेतलं नाही. बाई एक शब्दही वाकडा बोलल्या नाहीत, यानेच मला जास्त रडू आलं. मुलं सुटायच्या आत दुसरी गाडी, दुसरा ड्रायव्हर उभा होता. बाबांना शाळेने व्हॅनच्या ब्रेकचं काम निघालंय म्हणून कळवलं आणि किल्ली ठेवून घेतली. त्यामुळे आज बाबा घरी आहेत. सकाळी नेहमीच्या वेळी बूट घालून दाराशी बसले होते. खिडकीत जातात, परत येतात, ब्रेकला इतका वेळ लागतो का म्हणून मलाच विचारतात. शनिवारी शाळेच्या बाई त्यांना फोन करून खरं ते सांगणार आहेत.

आता हे सगळं लिहिलं कशासाठी, ते. बाईंनी मला विचारलं, कुणी कळवलं म्हणून सांगू? मी तुझं नाव सांगितलं. तोंडातून निसटलं नाही, विचार करून सांगितलं. शनिवारी बाबा तुला फोन करतील. नंबर मीच लावून देईन, कारण त्यांना लावता येणार नाही, आणि मी तिथेच उभी असेन. ते ओरडतील, लांब बसून उंटावरून शेळ्या हाकतोस म्हणतील, आणखी काय काय म्हणतील. तू फक्त म्हण, हो, मीच कळवलं. कितीही खोदून विचारलं तरी माझं नाव घेऊ नकोस. भित्री म्हणायचं तर खुशाल म्हण, भेटलास की दोन धपाटे घाल. पण तुझ्यावर रागावले तर ते फोन आपटतील, एवढंच. माझ्यावर रागावले तर माझा हात झिडकारतील, आणि दादा, त्यांना जिन्याच्या पायऱ्या दिसत नाहीत रे.

तुझीच,
भांडकुदळ