बाल्समचं अंथरूण

हेरॉन तलाव, १२ सप्टेंबर १८९७

प्रिय ऑगस्टा,

तुझी चिठ्ठी मिळाली. ‘कायद्याच्या भल्यासाठी हे प्रकरण शांतपणे मिटू दे’ असं तू लिहितेस. हे तुझ्या वडिलांच्या वकिलाने लिहिलं असतं, तर मी कागद चुलीत टाकून मोकळी झाले असते. पण अक्षर तुझं आहे, म्हणून संताप आवरत नाही.

इकडे मेपल लाल झाले आहेत. आईने सफरचंदाच्या फोडी वाळत घातल्या आहेत. बाबा ओसरीवर बसून आधीच गुळगुळीत असलेलं वल्हं तासत राहतात. उन्हाळ्यातले पाहुणे परतले की ते सापळे दुरुस्त करायला घेतात. यंदा त्यांनी सापळ्यांना हातही लावलेला नाही. गुरुवारी गावच्या न्यायाधीशासमोर त्यांचा खटला आहे, दुकानाच्या मागच्या खोलीत, काकवीच्या पिंपांमध्ये. तलावापलीकडे, राज्याच्या जंगलात, वनरक्षकाला छपरासाठी साल सोललेली स्प्रूसची झाडं उभ्या उभ्या वाळलेली दिसली आणि शेजारी बाल्समची कोवळी झाडं छाटलेली. हे कोणाचं काम, असं त्याने विचारलं. बाबा म्हणाले, माझं. कोणासाठी, हे त्याने विचारलंच नाही.

याच कायद्यासाठी आपण दोघी युटिका शहरात घरोघर हिंडलो होतो, आठवतं? आपल्याला मताचा हक्क नव्हता, म्हणून तो असलेल्यांची दारं ठोठावली. तो खाटीक म्हणाला होता, “काय गं पोरींनो, झाडांशीच लग्न लावायचंय का तुमचं?” आणि तू म्हणालीस, “हो, ती तुमच्यापेक्षा कमी बोलतात.” मी लाजून अर्धमेली झाले, पण त्या दिवशी तू मला बहिणीसारखी वाटलीस. कायदा झाला तेव्हा मी घरी मोठ्याने वाचून दाखवला: राज्याचं जंगल कायम जंगलच राहील. आमच्या घरात वाचता येणारी मीच पहिली. बाबांनी ती ओळ पुन्हा वाचायला लावली. म्हणाले, “म्हणजे आता लाकूड कंपन्यांची कुऱ्हाड थांबली.”

मग या जुलैत तुझे वडील, मी जिथे नोकरी करते त्या वनरक्षण मंडळाच्या सभासदांना घेऊन आले, आणि बाबा त्यांचे गाईड. बाबांनी आधीच सांगितलं होतं की अलीकडच्या काठावर जुनी झोपडी आहे, छप्पर शाबूत आहे, तिथेच उतरा. आपण पलीकडे उतरलो तेव्हा तू माझ्या शेजारीच उभी होतीस. तुझे वडील हसून म्हणाले, “ओरिन, त्या कुबट सालीखाली माझ्या पाहुण्यांना झोपवतोस? इथेच नव्या सालीचं छप्पर घाल, आणि अंथरूण ताज्या बाल्समच्या डहाळ्यांचं हवं. नाही तर जंगलात आलो कशाला?” बाबा म्हणाले, ही राज्याची जमीन आहे, साहेब. तर उत्तर काय? “कायदा मला शिकवतोस? तो आम्हीच केलाय!” सगळे खो खो हसले. संध्याकाळी त्याच मऊ, सुगंधी अंथरुणावर लोळत, बूट शेकोटीकडे करून त्यांनी भाषण दिलं की इथली एक डहाळीही तुटता कामा नये. टाळ्या पडल्या. बाबांनी तव्यातला मासा उलटला.

झाडं कोणासाठी तोडली, हे बाबा आजही सांगत नाहीत. पाहुणा जंगलात काय करतो ते गाईड बाहेर सांगत नाही, ही इथली रीत. मी चिडले तर म्हणाले, “माझ्या बापाने कधी पाहुण्याचं नाव घेतलं नाही, मीही घेणार नाही. तू चार बुकं शिकलीस म्हणून रीत बदलत नाही.” आई म्हणते, “त्या साहेबांच्याच कृपेने शिकलीस, थर्झा. तोंड सांभाळ.” तुझे वडील दंड भरायला तयार आहेत, हे कळलं. पण गुन्हा शाबीत झाला की गाईडांच्या संघटनेतून बाबांचं नाव कमी होईल. मग त्यांच्या होडीत कोण बसेल? ते या तलावाशिवाय दुसरं काय करणार आहेत? हे तुला ठाऊक आहे, आणि तरीही तू ‘शांतपणे’ हा शब्द लिहिलास!

बाबा निर्दोष आहेत असं मी म्हणत नाही. कुऱ्हाड त्यांनीच चालवली. कायदा योग्यच आहे; माझ्या बापासाठी तो मोडावा असं मला कधी वाटणार नाही. पुढच्या महिन्यात तुझे वडील कंपन्यांविरुद्ध राजधानीत, ऑल्बनीला बोलणार आहेत, आणि हे बाहेर आलं तर कंपन्या पोट धरून हसतील, याची भीती तुझ्याइतकीच मला आहे. पण ही बेअब्रू टाळायला एकट्या माझ्या बापालाच का पुढे करायचं?

म्हणून हे पत्र. गुरुवारी मी साक्षीला उभी राहणार आहे. छप्पर कोणी मागितलं, अंथरूण कोणी मागितलं, त्यावर कोण कोण झोपलं, सगळं सांगेन. त्यात तुझं नाव येईल आणि माझंही. मंडळातली माझी नोकरी जाईल, ते मी धरून चालले आहे. वर्तमानपत्रात वाचण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी लिहिते आहे. बुधवारच्या गाडीने तू आलीस, तर साक्षीदारांच्या बाकावर माझ्या शेजारी जागा ठेवेन. नाही आलीस, तर मी एकटी बोलेन. पाहुण्याचं नाव न घेण्याची रीत गाईडांची आहे, ऑगस्टा. मी गाईड नाही.

गुरुवारपर्यंत तरी तुझीच,
थर्झा