एक मीटर जादा

४ नोव्हेंबर, सोमवार
आली एकदाची पाळी! दोन वर्षं अर्ज करकरून हे एक्स-रे लेसर पाच दिवसांसाठी आमच्या वाट्याला आलं. काम असं — दुसऱ्या एका दांडग्या लेसरने लोखंडाच्या पत्र्यावर दाब चढवायचा, पृथ्वीच्या पोटात असतो तेवढा, आणि दाब शिगेला पोचला की त्याच क्षणी एक्स-रेने फोटो टिपायचा. लोखंड तेव्हा घट्ट असतं की वितळलेलं? आमचे सर तीस वर्षं सांगतायत, घट्ट. बाकी सगळे म्हणतात, वितळलेलं. एका फोटोला एक नमुना जळून जातो. माझे ऐंशी आहेत. आठ महिने चिमटा घेऊन तेच चिकटवत बसले होते.

दुपारी दांडग्या लेसरला सुटायचा इशारा नेणारी केबल ट्रॉलीच्या चाकाखाली चिरडली. मी कपाटातली दुसरी लावली. जरा लांब आहे, पण चालतेय.

५ नोव्हेंबर
सतरा फोटो. सगळ्या फोटोंत लोखंड घट्ट! सर चक्क इथलं यंत्र सांभाळणाऱ्या लेसरवाल्याच्या गळ्यात पडले. तो बिचारा अवघडला.

आईचा फोन. "एवढं शिकून शेवटी लोखंडच भाजतेस ना गं?" हो बाई, तेच.

६ नोव्हेंबर
फोटोतल्या ज्या रेषांवरून दाब कळतो, त्या थोड्या सरकलेल्या वाटल्या. तपासू म्हटलं. सर म्हणाले, "शंका नंतर काढ, आधी फोटो काढ." काढले.

८ नोव्हेंबर
सकाळी ऐंशीवा नमुनाही जळला. आवराआवर करताना लेसरवाल्याने केबल गुंडाळली आणि थबकला. "ही आपली नाही. मीटरभर जास्त आहे. लावल्यावर दोन्ही लेसरची वेळ परत जुळवली होती ना तुम्ही?"

नव्हती!

एक मीटर म्हणजे दांडग्या लेसरला पाच नॅनोसेकंद उशीर. दाब पुरता चढायलाच दहा लागतात. म्हणजे माझे सगळे फोटो अर्ध्या वाटेतले. अर्ध्या दाबाला लोखंड घट्टच राहणार, ते कुणीही सांगेल! ऐंशीच्या ऐंशी फुकट. आणि केलं कुणी? मीच. दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायचीही सोय नाही.

लेसरवाल्याला म्हटलं, सरांना मीच सांगते. तो केबल खांद्यावर टाकून निघून गेला.

९ नोव्हेंबर
सरांच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत आले. आत फोनवर हसत होते. किती दिवसांनी! जूनमध्ये निवृत्त होतायत, पुढची पाळी मिळाली तरी दोन वर्षांनी. माझी नोकरी मार्चपर्यंत. बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं. हलकं वगैरे काही वाटलं नाही.

१० नोव्हेंबर
रविवार. उठलेच नाही.

११ नोव्हेंबर
सांगितलं. सगळं, केबलपासून. सरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "लेसरवाल्याने मला शुक्रवारीच सांगितलं. लेख तयारच होता, शनिवारी तसाच छापायला पाठवून दिला. पहिलं नाव तुझं घातलंय."