बेबी मैनाले पहिला सवाल

सेलू, तान्हा पोळा, १९८२

किसनमामाले मनकर्णाचा नमस्कार.

नाचणगावच्या कव्वाली मुकाबल्याचं पोस्टर पाह्यलं. एकीकडे माझी पार्टी, दुसरीकडे तुमची, अन् तुमच्या पार्टीत पुन्हा ‘बेबी मैना’. मामा, बेबी मैना तर मी होती. सात वर्षांची असताना तुम्हीच मले ते नाव देल्लं अन् लाल फ्राक घातला. सतरा वर्षांची घोडी झाली तरी माझं ना नाव बदललं, ना फ्राक सुटला. आता पोस्टरवरच्या फोटोत माझा तो पहिला फ्राक दुसऱ्या पोरीच्या अंगावर आहे.

समोरच्या पार्टीनं सवाल गायला का तुम्ही पेटीच्या मांगून हळूच जवाब सांगता, अन् पोरगी तो गाते. लोक म्हणतात, केवढी हुशार. मलेही असंच म्हणत.

मी लेकराले हरवाले येऊन नाई राह्यली. पण शनिवारी मुकाबल्यात पहिला सवाल माझा आहे, अन् तो मी तिलेच गाऊन इचारीन: बाई, तुह्या मायनं तुह्यं नाव काय ठेवलं?

हे पत्र मी टपालात टाकत नाई. टाकलं तर याचाही जवाब तुम्ही तिच्याकडून पाठ करून घ्यान.

आता सोताच्या नावानं गाणारी तुमची भाची,
मनकर्णा